पिवळ्या बल्बची ऊब

तापलेल्या बल्बवरची धूळ जळायला लागली की तिचा करपट वास येतो, आणि मंचरपलीकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवरची ती धुक्यातली सकाळ माझ्याभोवती हळूहळू दाटून येते. वीज कंपनीसाठी बचतीची योजना माझ्या पत्नीने आखली होती आणि मी तिच्यासोबत खोकी उचलायला गेलो होतो. जुना पिवळा बल्ब द्यायचा आणि नवा एलईडी घ्यायचा, हा नियम तिचाच होता. एका छपराच्या दारात मात्र म्हातारी आडवी उभी राहिली. तिच्यामागे खाली सोडलेल्या बल्बच्या उजेडात, टोपलीतल्या गोणपाटावर, आई मेलेलं कोकरू थरथरत होतं. "ताई, तुमचा दिवा लई गार हाय. ह्यो काढला तर मरंल माजं लेकरू." पत्नीने दाखवायला पेटवलेल्या एलईडीवर तळवा धरून पाहिला. "मग हा राहू दे, आजी. चुलीपाशी तेवढा नवा लावू." "आन तुमच्या सायबाला काय सांगशाल?" "साहेब मीच आहे." म्हातारी खळखळून हसली. "मंग बसा साहेब, च्या घ्या." आम्ही निघालो तेव्हा कोकराने मान उचलून त्या पिवळ्या उजेडाकडे नाक नेलं होतं. पत्नी आता या जगात नाही, तरी घरातले सगळे दिवे तिच्या नियमाप्रमाणे गारच आहेत. परवा मात्र एका दुकानात जुना बल्ब मिळाला. तो तिच्या टेबलावर लावला आहे, आणि हे लिहिताना मधूनच मी त्याच्याजवळ हात नेतो.