वर राहिलेला हात

तालुक्याला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय होता, मुलांना प्रश्न विचारू द्या. पडद्यावर हेच वाक्य झळकत असताना माझ्या पुढच्या बाकावरच्या शिंदेबाईंनी हात वर केला.

"मॅडम, हात खाली घ्या. प्रश्न शेवटी," म्हणत प्रशिक्षक पुढे बोलू लागले.

बाईंनी हात खाली घेतला नाही. बांगड्या कोपराकडे घसरल्या, दंड भरून आला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. दुसरीतली पोरं देतात ना, अगदी तसा.

शेवटी काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे. शेवटी चहा असतो, बॅनरपुढे फोटो असतो आणि गावाकडची एसटी असते. दरवर्षी कुणीतरी येतं आणि नवे शब्द देऊन जातं. द्या की! शिकायला आम्ही कुठं नाही म्हणतो? पण चार इयत्ता एका खोलीत सांभाळणाऱ्या बाईचं नेमकं कुठं अडतं, हे तिला न विचारता तिला शिकवणार काय, कपाळ? विचारल्याशिवाय शिकता येत नाही, हे पोरांना लागू आणि आम्हाला नाही, असं कसं?

"हात दुखेल, मॅडम," प्रशिक्षक हसून म्हणाले.

"दुखतोय, सर." हात तिथंच.

मला विचारायचं काहीच नव्हतं. पण वर्गात एकच हात वर असला, की त्याच्याकडे काणाडोळा करून धडा पुढे रेटता येतो, हे कुठल्याही मास्तरला माहीत असतं.

म्हणून मीही हात वर केला.