कासमभाई आणि न झाडलेली गोळी

कासमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबई मरीनाला मुलाच्या फ्लॅटवर होतो. "चाचा, बाबा एक्स्पायर झाले..." एवढंच त्यांचा मुलगा बोलू शकला. आज चाळीस दिवस झाले.

साठच्या दशकात आम्ही दोघं एकाच बोटीने इकडे आलो. ते श्रीवर्धनकडचे, मी रत्नागिरीचा. वाळवंटातल्या एका सर्व्हे कॅम्पवर ते ड्रायव्हर, मी स्टोअरकीपर. गावी ते नावाजलेले शिकारी. भेकराचा विषय निघाला की समोरचं ताट विसरायचे. इथल्या हरणांचा स्वभावही त्यांनी गाडी चालवता चालवताच ओळखला. म्हणायचे, "याकूब, आपलं भेकर लपून जगतं. करवंदीच्या जाळीत शिरलं की दोन हातांवरून दिसत नाही. इथलं हरण बघून जगतं. त्याला मोकळं मैदान पाहिजे, दुपारी घाफची विरळ सावली पाहिजे. दाटीत त्याचा जीव घाबरतो." घाफ म्हणजे आपली शमीच.

एका शुक्रवारी कॅम्पचे साहेब रायफल घेऊन निघाले, सोबत आम्ही दोघं. सकाळभर एकही हरण दिसलं नाही. परतताना डोंगराखालच्या कोरड्या ओढ्यात काटेरी झुडपांची गच्च जाळी लागली... आणि ती हलली. आत काहीतरी तपकिरी सरकलं. साहेबांनी नेम धरला.

"साहब, हिरन नहीं है," कासमभाई हळूच म्हणाले. "इतनी झाडी में वो जाता नहीं."

साहेब ऐकेनात. तेव्हा या शांत माणसाने पुढे होऊन रायफलची नळी हाताने खाली दाबली. साहेब संतापले, "खलास! तुम्हारा नौकरी खलास!" तेवढ्यात लाकडांची मोळी ओढत, तपकिरी शाल गुंडाळलेली, वाळवंटातल्या भटक्या बदू टोळीतली एक म्हातारी जाळीतून बाहेर आली. रायफल दिसताच तिने "यल्ला, यल्ला!", म्हणजे चालते व्हा, असं ओरडत आम्हा तिघांनाही फैलावर घेतलं. साहेब पांढरेफटक पडले. नोकरी राहिली, पण साहेब पुन्हा कधी भाईंच्या गाडीत बसले नाहीत.

संध्याकाळी मी विचारलं, "भाई, एवढी खात्री होती तुम्हाला?"

"नव्हती रे," ते म्हणाले. "गावी एकदा होती. जाळी हलली, भेकरच म्हणून बार टाकला. आत माझा धाकटा भाऊ होता..."

भाऊ वाचला, उजवा हात गेला. भाईंनी नंतर बंदूक कधी धरली नाही. पुढे त्या भावाच्या मुलांना त्यांनीच एकेक करून इकडे आणलं, स्वतःच्या घरात ठेवलं, मार्गी लावलं.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. हॉलमध्ये बसलो, तर आतला पडदा सारण्याआधी त्यांच्या नातीचा आवाज आला, "इट्स मी, सना!" मग ती बाहेर आली. तिच्यामागून सूनबाई, "मी सलमा" म्हणत.

"हे काय गं?" मी सनाला विचारलं.

"दादाज रूल," ती आजोबांच्या खोलीकडे बोट दाखवत म्हणाली. "से युअर नेम फर्स्ट. आय डोन्ट नो व्हाय."

मला ओढ्यातली ती हललेली जाळी आठवली. थोड्या वेळाने भाईंची खोली बघायला उठलो. दाराचा पडदा अर्धवट सरकलेला होता; आत कोणी नव्हतं, पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती. पडद्यापाशी थांबून मी म्हणालो, "भाई, मी याकूब." आणि मग आत गेलो.