वड्याचं पीठ किलोवर

माझे थोरले दीर मुंबईत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर ते एकटेच महिनाभर देवबागला आमच्याकडे राहायला आले आणि आल्या आल्या माझं स्वयंपाकघर सुधारायला लागले.

आम्ही घरातल्या तीन खोल्या पर्यटकांना देतो. कोंबडीवडे रोजचेच. त्यांचं पीठ मी डब्यानं मोजून करते. चार डबे तांदूळ, एक डबा उडीद, अर्धा डबा धणे, वर थोडं किडूकमिडूक.

महत्त्वाचं काही सांगायचं असलं की भावजी मालवणी सोडतात. "डबा हे माप नव्हे," ते म्हणाले. "आता सगळीकडे वजनावर चालतं."

यात खोटं काही नव्हतं. वजनावर पीठ मीही केलं असतं. पण त्यांनी डबाभर तांदूळ काट्यावर ठेवला, तो किलोभर भरला, आणि तिथेच त्यांचं संशोधन आटोपलं. डबा म्हणजे किलो. म्हणून उडीद एक किलो, धणे अर्धा किलो.

मी म्हटलं, "भावजी, धणे हलके आसत. अर्धो डबो पाव किलोय भरूचो नाय. प्रत्येक जिनस वेगळो तोलूक व्हयो."

"डबा तोच ना?"

"डबो तोच."

"मग वजनही तेच."

काटा समोर होता, धण्यांची बरणी हाताशी होती. तोलून बघायची गरज त्यांना वाटली नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "मोठो भाव आसा गो, करांदे." भाऊ घरात असला की हा माणूस असून नसल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मी पाहुण्यांच्या न्याहारीत अडकलेली असताना भावजी स्वतःच मालवणात गेले आणि सामान घेऊन, दळूनच आले. पीठ मातकट रंगाचं. पिशवी उघडताच शिंक आली.

त्याचे वडे तेलात काळपट पडले. चवीला कडवट, धण्यांपुढे रश्शाची चव लागेना. पुण्याच्या एक बाई उतरल्या होत्या. त्यांनी विचारलं, "यात काही औषधी घातलंय का?"

मी तोंड उघडायच्या आत भावजी पुढे सरसावले. "हीच मूळ मालवणी चव. बाहेर तुम्हाला भेसळ मिळते." आयुष्यात पुरी तळली नाही या माणसानं. बाईंना मात्र पटलं. अर्धा वडा पानात टाकून त्यांनी त्याच वड्याचं ग्रॅममधलं प्रमाण मोबाइलवर लिहून घेतलं. जिभेपेक्षा आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची मला कीवही येत नाही.

मग मी माझ्या डब्यानं मोजून नवं पीठ केलं, कोणाला न विचारता. भावजींनी त्याचे वडे चांगले हाणले आणि हात धुताना म्हणाले, "बघ. वजनावर केलं की फरक कळतो."

ते मुंबईला परत निघाले तेव्हा मी त्यांचं उरलेलं सगळं पीठ त्यांच्या गाडीत ठेवलं.

पुढे एकदा जाऊबाईंचा मुंबईहून फोन आला. "रोज त्याच पिठाचे वडे व्हये असतत गो. एकटेच खातत. आमी पोहे खातो."

"आवाडतत काय त्यांका?"

"तोंड वाकडा करून खातत. पण सोडणत नाय."

पीठ टाकून द्या, असं मी त्यांना सांगितलं नाही.