शरीराला कोण सांगणार

अनुपमा मूळची नांदुऱ्याची. वडील कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते, आई घरी बसून ब्लाउज शिवायची. लहानपणी तिला दम्याचा त्रास होता. कापसाचा हंगाम सुरू झाला की हवेत तूस उडायचं आणि ही पोरगी उशीला टेकून, छाती धरून बसलेली असायची. शाळेतल्या एका बाईंनी तिला श्वास सावकाश सोडायला शिकवलं. त्यातून योगाची गोडी लागली ती कायमची. पदवी झाल्यावर तिने योगशिक्षणाचा कोर्स केला आणि लग्न होऊन अमडापुरात आली तेव्हा माहेरच्या भांड्यांबरोबर एक निळी मॅटही गुंडाळून आणली.

सासरी भाजीपाल्याचं वावर होतं. विहिरीला पाणी बरं, त्यामुळे वांगी, कोबी, मेथी, कोथिंबीर असं काही ना काही बाराही महिने निघायचं. नवरा राम ते चिखलीच्या बाजारात न्यायचा. सून योगा शिकवणार असं कळल्यावर सासरे हिंमतराव मिशीत हसले.

"दिवसभर वावरात वाकतात त्या बाया. त्यायले आणखी काय वाकवतं बाई?"

अनुपमाला राग आला नाही. त्यांचं म्हणणं तिला पटलंच. आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या लांबट खोलीत तिचा वर्ग सुरू झाला तेव्हा तिने कुणाला वाकवलं नाही. तिने बायांना निजवलं. गुडघे दुमडून पाठीवर पडायचं, कंबर जमिनीला कुठे टेकते आणि कुठे नाही ते नुसतं बघायचं, मग ती अगदी हळू इकडून तिकडे लोळवायची. खांदा वर न्यायचा आणि लोणी वितळावं तसा खाली सोडायचा. दिवसाउजेडी आडवं होणं या बायांना ठाऊकच नव्हतं. वावरातलं तण निंदायला जाणारी महामायाबाई पहिल्या दिवशी घोरायला लागली आणि जागी झाल्यावर इतकी लाजली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी बोरं घेऊन आली.

"शरीर खोटं बोलत नाही," अनुपमा सांगायची. "त्याचं ऐकत जा. कुठं दुखतं, कुठं ओढतं, ते त्यालाच विचारा."

वर्ग संपताना सगळ्यांनी डोळे मिटायचे, एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवायचा आणि श्वास येताना-जाताना हात कसे हलतात ते बघायचं. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर अनुपमाला दिवस गेले, तेव्हा या शेवटच्या भागात बायांना हसू यायचं.

"मॅडमच्या हाताखाली तं दोघं श्वास घेऊन राह्यले," महामायाबाई म्हणायची.

आठवा महिना लागला तेव्हा माघ होता. रथसप्तमीला शाळेच्या मैदानावर सूर्यनमस्कार होते आणि माइकवर सूचना द्यायला अनुपमालाच बोलावलं होतं. ती खुर्चीत बसून सगळं सांगत होती, समोर पोरं वाकत होती, उठत होती. दुपारी हळदी-कुंकवाची शेवटची घाई. संध्याकाळी शेजारच्या घरी नातवाचं बोरन्हाण होतं. पाटावर बसलेल्या बाळाच्या डोक्यावरून बोरं, हरभरे, चुरमुरे ओतले आणि आळीतली पोरं त्यावर तुटून पडली. अनुपमाच्या ओटीत कुणीतरी मूठभर बोरं टाकली. "पुढच्या साली तुह्या घरी," म्हणाली.

रात्री आडवी झाल्यावर तिच्या मनात आलं, आज पोटातलं हे फार शांत आहे. दिवसभराच्या फिरण्याने तेही झोपलं असेल असं तिला वाटलं आणि तिचाही डोळा लागला.

सकाळी ती डाव्या कुशीवर पडून राहिली. गूळपाणी प्यायली, पुन्हा पडली, वाट पाहिली. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, हे हलत नाहीये."

सासूने, सरस्वतीबाईंनी, परातीतले हात तसेच पिठाचे तिच्या पोटावर ठेवले. मग रामला हाक मारली फक्त.

चिखलीच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बराच वेळ मशीन फिरवलं आणि मग पडदा स्वतःकडे वळवून घेतला. नाळेला पीळ बसला होता, त्यांनी नंतर समजावून सांगितलं. असं होतं कधीकधी, कुणाच्याच हातात नसतं. अनुपमाने मान हलवली. पण तिच्या कानात एकच गोष्ट घुमत होती. सगळ्या गावाला शरीराचं ऐका म्हणून सांगणारी मी, काल दिवसभर माइकवर बोलत होते.

बाळंत व्हावंच लागलं. कळा खऱ्या होत्या आणि तिने शिकवलेला श्वासच तिला कामी आला. सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. नर्स म्हणाली, किती छान सहकार्य करता तुम्ही. मुलगी होती. खोलीत आवाज असा झालाच नाही. आईला दाखवू नये, जीव लावून घेते, असं कुणीतरी म्हणालं आणि सरस्वतीबाईंनी सुनेचं तोंड आपल्या तळव्याने अलगद भिंतीकडे वळवलं. रामने जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेलं ते ओझं हातावर घेतलं आणि तो वडिलांबरोबर निघून गेला. अनुपमाला त्याची पाठ तेवढी दिसली.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तिची छाती दगडासारखी टणक झाली आणि ब्लाउज ओला होऊ लागला. दूध आलं होतं. ती मोरीत जाऊन बसली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली.

"आत्याबाई, याला कळलं नाही का अजून?"

"अंगाले कोन सांगन बाई," सरस्वतीबाई म्हणाल्या. "ते आपलं काम करून राह्यलं."

नर्सने कोबीची थंड पानं बांधायला सांगितली होती. कोबी घरच्याच वावरातला. सरस्वतीबाई गड्डा फोडायच्या, पानाच्या शिरा लाटण्याने चेचायच्या आणि सुनेच्या छातीवर ठेवून वरून जुन्या कापडाचा धडपा बांधायच्या. पानं कोमेजली की बदलायच्या. असं दूध आटेपर्यंत चाललं. त्या घरात नंतर बरेच दिवस कुणी कोबीची भाजी केली नाही.

त्यानंतर अनुपमाने आपल्या अंगाकडे बघणंच सोडलं. आंघोळ करताना ती भिंतीकडे बघायची. निळी मॅट कपाटावर होती ती तिथेच राहिली. श्वास पोटापर्यंत जाऊ नये म्हणून ती तो वरच्या वर घ्यायची. ज्याने दिवसभर तिला काही कळू दिलं नाही आणि नंतर मात्र दूध आणलं, त्या शरीराचं ऐकायचं तरी कशाला? आई नांदुऱ्याला घेऊन गेली. तिथेही ती गाड्यांचे आवाज ऐकत खाटेवर पडून राहायची. परत आली ती वाळून आली.

राम तिच्याशी वाईट वागला नाही. बाजारातून येताना तिच्यासाठी काही ना काही आणायचा, जेवलीस का विचारायचा. एवढंच. एकदा तिने विचारलं, "कशी दिसत होती?" तो जेवत होता. त्याने ताटातली भाकर मोडली, पुन्हा मोडली, बारीक चुरा केला आणि हात धुवून उठला. तिने पुन्हा विचारलं नाही.

पावसाळा सरल्यावर महामायाबाई तिला बोलवायला आली. खोली रिकामी आहे, बाया विचारतात, म्हणाली. अनुपमा गेली ती नाही म्हणायचा कंटाळा आला म्हणून. पाठीवर निजवणं, कंबर लोळवणं, खांदे सोडणं, सगळं तोंडपाठ होतं. मग शेवटचा भाग आला. बायांनी सवयीने डोळे मिटले.

"एक हात छातीवर," ती म्हणाली. "आणि एक हात..."

पुढचा शब्द येईना. खोलीत पंखा फिरत होता. ती तोंड उघडून उभी, आणि समोर ओळीने पडलेल्या बाया वाट बघत होत्या.

"मॅडम," महामायाबाई डोळे न उघडताच म्हणाली, "आज दुसरा हात भुईवर ठिवतो आम्ही."

सगळ्यांनी हात जमिनीवर ठेवले. घरी जाताना महामायाबाई तिच्याबरोबर वळणापर्यंत आली. "माह्ये दोन गेले होते पोटातच," ती म्हणाली. "तिसऱ्याच दिवशी निंदाले गेली मी. तवा कोनी भुईवर निजवत नव्हतं." एवढं बोलून ती आपल्या वाटेला लागली.

अनुपमा रोज जाऊ लागली. शरीर खोटं बोलत नाही, हे वाक्य तिने पुन्हा उच्चारलं नाही. बायांना हळूहळू हलवायची, त्यांच्या कण्हण्याकडे कान द्यायची. स्वतः मात्र कधी पाठीवर निजली नाही.

पुन्हा संक्रांत आली. आळीत दोन बोरन्हाणं होती आणि दोन्ही घरांनी तिला टाळलं. तिला वाईट वाटू नये म्हणून टाळलं असेल. ती माडीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली तेव्हा खालून पोरांचा गलका ऐकू आला आणि ती ओले-सुके न बघता सगळेच कपडे गोळा करून खाली आली.

त्याच सुमारास रामचा डावा हात अवघडला. आधी शर्ट घालताना कळ यायची, मग भाजीचं कॅरेट उचलेना, मग हात कोपरात दुमडून छातीशीच राहायला लागला. डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय, गोळ्यांनी भागणार नाही, व्यायाम करा. तो करेना. शेवटी सरस्वतीबाई सुनेला म्हणाल्या, "गावाच्या बायायचं करतं, त्याचं काऊन नाही करत?"

तेव्हा कपाटावरची निळी मॅट खाली आली. दुपारी बाजारातून आल्यावर राम मॅटवर पडायचा आणि अनुपमा त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायची. ओढायची नाही. नुसतं वजन तोलून धरायची. "मला देऊन टाका हात, तुम्ही धरू नका," म्हणायची. तो सोडतोय असं म्हणायचा, पण हात लाकडासारखा ताठ. कितीतरी दिवस असेच गेले. लग्नानंतर ती दोघं इतका वेळ एकमेकांना धरून कधी बसली नव्हती, आणि त्या दिवसानंतर तर मुळीच नाही.

एका दुपारी तिने त्याचा हात हळूहळू छातीपासून दूर नेला, आणि तो मधेच थांबला. तिला वाटलं कळ आली. ती सोडणार तेवढ्यात तो बोलला.

"ह्याच हातावर होती ते."

अनुपमाने हात तसाच तोलून धरला.

"बाबा म्हणे मी घेतो. म्या देल्ली नाही. गाडीतून वावरापर्यंत ह्याच हातावर." त्याने डोळे मिटले होते. "केस लई होते डोक्यावर. काळेभोर. नाक तुह्यासारखं. मले वाटलं झोपली हाये, उठन. म्या हलवून पाह्यलं तिले अनुपमा, दोनदा हलवून पाह्यलं."

त्याचा हात तिच्या हातात एकदम जड झाला. तो एका कुशीवर वळला आणि हुंदके द्यायला लागला, लहान पोरासारखा, तोंड मॅटमध्ये खुपसून. ती त्याच्या पाठीमागे तशीच आडवी झाली. त्याची पाठ वर-खाली होत होती आणि तिचं पोट त्या पाठीला टेकलेलं होतं. इतक्या महिन्यांनी तिचा श्वास खालपर्यंत गेला, आणि तिथे काही नाही हे तिला कळलं. तीही रडली. दाराशी चहा घेऊन आलेल्या सरस्वतीबाई तशाच मागे फिरल्या.

संध्याकाळी ती म्हणाली, "मला जागा दाखवा."

रामने चपला घातल्या. विहिरीच्या पलीकडे, वावराच्या त्या टोकाला तो तिला घेऊन गेला आणि बांधाशी येऊन थबकला. तिथे मेथी होती. वाफे नीट ओढलेले, हिरवीगार, वीतभर वाढलेली मेथी. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"इथं दगड ठेवला होता म्या," तो म्हणाला.

हिंमतराव वाफ्यांत पाणी वळवत होते. दोघांना तिथे उभं बघून ते फावडं टेकवत आले. त्यांना समजलं. डोक्यावरचा शेला काढून त्यांनी तोंड पुसलं.

"म्याच उचलला दगड," ते म्हणाले. "पोरी, माह्या मायचंही एक लेकरू असंच गेलं होतं. तिनं दगडाची खून ठेवली होती, तं रोज जाऊन बसे. जेवन नाही, काम नाही. बसून बसून गेली ते. तुहं तसं होऊ नये म्हणून पेरलं मी."

"मामाजी, कुठं होती ती?"

म्हाताऱ्याने वाफ्यांकडे बोट केलं, मग बोट थोडं सरकवलं, मग खाली घेतलं. "इथंच कुठंतरी," ते म्हणाले. "नांगर फिरला बाई. आता मलेही नाही सांगता येत."

राम पाय आपटत बापाच्या अंगावर जायला निघाला. अनुपमाने त्याचा डावा हात धरला. त्याने कळ येऊन दात आवळले आणि तो थांबला. तिने चपला काढल्या आणि वाफ्यांच्या मधल्या दांडातून अनवाणी चालत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग शेजारच्या दांडातून परत. माती ओली होती. टाच, मग तळवा, मग बोटं, असं ती एकेक पाऊल टेकवत होती. कुठेतरी काही लागेल, काही वेगळं जाणवेल, असं तिला वाटत असावं. सगळीकडे माती सारखीच लागली.

अंधार पडायला लागला तशी ती बाहेर आली. हिंमतराव बांधावर बसले होते, मान खाली घालून. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि त्यांना म्हणाली, "चला मामाजी, गार पडलं."

ती मेथी त्या वर्षी कुणी खुडली नाही. ती फुलावर आली, शेंगा धरल्या आणि उभीच वाळली. रामचा खांदा उन्हाळ्यापर्यंत बराचसा सुटला. त्यांना दुसरं मूल अजून झालेलं नाही, आणि होईल की नाही हे आता आळीत कुणी विचारत नाही. अनुपमाचा वर्ग सकाळी भरतो. बाया पडलेल्या असताना ती अलीकडे त्यांच्या पायांना हात लावते, वावराच्या मातीने भेगाळलेल्या तळव्यांना, एकीच्या मग दुसरीच्या, आणि पुढे सरकते.