अंबोसेलीमार्गे मिरज

आमचा प्रताप न्यू जर्सी राज्याचे पूल तपासतो. म्हणजे हातोडी घेऊन पुलाखाली जायचं, ठोकून बघायचं, कुठे तडा आहे ते कागदावर लिहायचं. माणूस अबोल. लग्नाला अठरा वर्षं झाली, तरी हा रागावलाय की याला भूक लागलीय हे मला अजून विचारावं लागतं. पिस्कॅटवेतली आमची मराठी मंडळी त्याला 'साधा माणूस' म्हणतात. साधा! साध्या माणसाबरोबर संसार करून बघा एकदा, मग बोला.

मी त्याला नावाने हाक मारते. लग्न होऊन मिरजेला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातून "प्रताप!" अशी आरोळी ठोकली. सासरे, म्हणजे तात्या, रेल्वेतून निवृत्त झालेले कडक गार्ड. हातातला चहाचा कप धरून ते जागच्या जागी थिजले. सासूबाई मात्र फस्सकन हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई, मलाही धीर आला. उद्यापासून मीही यांना नावानेच बोलावते." अशी बाई! प्रतापचा तिच्यावर फार जीव.

ती त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत गेली. तार आली त्या दिवशी इथे गुडघ्याच्या वर बर्फ आणि विमानतळ बंद. प्रताप बॅग भरून, बूट घालून, दोन दिवस दाराजवळच्या खुर्चीत बसून होता. तिसऱ्या दिवशी मिरजेला शेजाऱ्यांकडे कसाबसा फोन लागला, तेव्हा कळलं की गेल्या त्याच दिवशी सगळं उरकलं होतं. प्रतापने बॅग उघडली, कपडे परत कपाटात लावले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. "आता जाऊन काय करू?" एवढंच म्हणाला.

इथे आम्हा सगळ्यांची रीत अशी, की सुट्टी साठवायची आणि दर दोन वर्षांनी बॅगा फुगवून भारतात जायचं. प्रतापने चौऱ्याऐंशीला कामाचं कारण काढलं, पंच्याऐंशीला घराच्या छपराचं. तात्यांची पत्रं दर महिन्याला येत. मोतीबिंदूमुळे ओळी वरखाली झालेल्या, आणि शेवटी एकच प्रश्न, कधी येताय? शहाऐंशीच्या मार्चमध्ये त्यांनी लिहिलं, 'मला ऐंशीवं लागलं. या वर्षी या. पुढच्या वर्षीचा भरवसा मी देत नाही.' मी ते पत्र प्रतापच्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हटलं, "आता बोल."

त्याने वरणभात संपवला, ताट उचललं, धुतलं. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "तात्यांनी विचारलं, आईला पोचवायला का आला नाहीस, तर काय सांगू? बर्फ पडत होता?"

घोडं कुठे पेंड खातंय ते मला तेव्हा कळलं. मी समजावलं, भांडले, रडलेसुद्धा. छे! तडा सापडला की पूल बंद करायचा, ही याच्या खात्याची सवय.

त्यातच आमच्या उत्तराने आफ्रिकेचं काढलं. चौदा वर्षांची पोर, इथेच जन्मलेली. शाळेत कसला तरी हत्तींवर प्रोजेक्ट केला होता, तेव्हापासून खोलीत भिंतभर हत्ती. "बाबा, एव्हरी समर यू से नो टु इंडिया. देन लेट्स गो टु केनिया!" आणि हा चक्क हो म्हणाला! मी कपाळावर हात मारून घेतला. मंडळाच्या उन्हाळी पिकनिकमध्ये सुमित्राकाकूंनी सगळ्यांदेखत ऐकवलं, "म्हातारा बाप वाट बघतोय, आणि हे निघाले सिंह बघायला!" मी काय बोलणार? माझ्या मनातलंच बोलल्या त्या. तरी म्हटलं, "काकू, सिंह निदान प्रश्न विचारत नाहीत."

ऑगस्टमध्ये आम्ही नैरोबीला उतरलो आणि तिथून अंबोसेलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. छप्पर उघडणारी छोटी व्हॅन होती आणि मुटुआ नावाचा गाइड. तोच ड्रायव्हर, आणि आमच्या प्रतापपेक्षाही कमी बोलणारा. मी मनात म्हटलं, झालं, आता आठवडाभर मौनव्रत. मी फुगूनच बसले होते. धूळ अशी की चिवड्याचा डबा उघडायची सोय नाही. दोन्हीकडे वाळलेलं गवत, मध्येच एखादं छत्रीसारखं पसरलेलं बाभळीचं झाड. यासाठी का एवढ्या लांब आलो, असं तोंडावर आलं होतं.

तेवढ्यात मुटुआने गाडी थांबवली आणि बोट वर केलं. किलिमांजारो, म्हणाला. मी आपली क्षितिजावर डोंगर शोधतेय. ढगच ढग. "आई, अप! लुक अप!" उत्तरा ओरडली. मी मान वर केली, आणखी वर केली, आणि ढगांच्याही वर, जिथे माणूस फक्त आभाळ असेल असं धरून चालतो, तिथे पांढरं शिखर होतं. खाली जमीन नाहीच, नुसतं शिखर. माझे हात आपोआप जोडले गेले. डोळे भरून आले, का ते माहीत नाही. माझा राग कुठे गेला ते मला समजलंच नाही.

आणि मग जे सुरू झालं! एक वळण घेतलं आणि झेब्रे. दहा-वीस नव्हे, नजर जाईल तिथवर झेब्रे, त्यांच्यात मिसळलेली दाढीवाली वाइल्डबीस्ट, आणि कुणाला कुणाची घाई नाही. जिराफांचं एक कुटुंब रस्ता ओलांडत होतं, लग्नातल्या मोठ्या बायका मांडवातून चालतात तशा ऐटीत. एक सिंहीण आमच्या चाकाजवळच्या सावलीत येऊन आडवी झाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. पिवळे डोळे. त्यांत राग नव्हता, भूक नव्हती, मी तिच्या लेखी नव्हतेच. आयुष्यात मला कुणी इतकं क्षुल्लक ठरवलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे मला त्याचं बरंच वाटलं. माझ्यासारखी बडबडी बाई, पण दातखीळ बसली हो! उत्तराने खिडकीची काच वर करायला खूण केली, तर माझा हात हलेना.

दुसऱ्या दिवशी हत्ती पाहिले. डोंगरावरचं पाणी जमिनीखालून येऊन तिथे मोठी दलदल झाली आहे. सकाळी ते कोरड्या मैदानातून तिकडे निघतात. आम्ही वाटेवर गाडी बंद करून थांबलो होतो. सगळ्यांत पुढे म्हातारी हत्तीण, मागे मुली, नाती, पायांत घुटमळणारी पिल्लं, मोजले तर एकवीस. सरळ आमच्याकडे. मी प्रतापचा दंड धरला. ते आले, गाडीला वळसा घातला आणि इतके जवळून गेले की हात लांब केला असता तर लागला असता. त्यांच्या अंगाचा वास आला, मातीचा आणि चुरडलेल्या गवताचा. पण आवाज? काही नाही! एकवीस हत्ती गेले आणि पावलांचा आवाज आला नाही. फक्त कातडीला कातडी घासल्याची खसखस आणि श्वास.

"पूल हादरला असता," प्रताप कुजबुजला. "एवढं वजन, आणि जमिनीला कळतसुद्धा नाही."

"बाबा, शश्श!" उत्तरा म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मी प्रतापकडे पाहिलं. तोंड उघडं, टोपी हातात. देवळात गेल्यासारखी त्याने टोपी काढली होती. साडेतीन वर्षांत त्याचा चेहरा मी असा मोकळा पाहिला नव्हता.

शेवटच्या सकाळी तोच कळप पुन्हा दिसला. पण या वेळी दलदलीच्या वाटेवर ते मध्येच थांबले. गवतात काहीतरी पांढरं पडलं होतं. मुटुआने दुर्बीण दिली. हाडं होती, एक मोठी कवटी, जबडा, पायांची नळकांडी. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात मेलेली हत्तीण, याच कळपातली, तो म्हणाला.

ते हाडांभोवती उभे राहिले. चरणं बंद, कान हलणं बंद. पिल्लंसुद्धा गप्प. म्हातारीने सोंड पुढे केली आणि कवटीवरून हळूहळू फिरवली, डोळ्यांच्या खोबणीतून, दातांवरून. आजारी माणसाच्या कपाळावरून हात फिरवतात तशी. मग एक तरुण हत्तीण पुढे आली. तिने जबडा सोंडेने उचलला, थोडा वेळ धरला, खाली ठेवला. मग मागचा पाय उचलून तळव्याने त्या हाडाला नुसता स्पर्श केला. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती. त्या एवढ्या उघड्या मैदानावर, त्या डोंगराखाली, मला वाटलं आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय.

प्रतापने विचारलं, "मेली तेव्हा हे सगळे तिच्याजवळ होते?"

आठवड्यात त्याने मुटुआला विचारलेला हा पहिला प्रश्न असेल. मुटुआ म्हणाला, "नाही. दुष्काळात कळप फुटला होता. ही तरुण हत्तीण खूप लांब गेली होती. पावसानंतर परत आली."

"मग?"

"मग आता येते. वाटेत आलं की थांबते. कितीही वर्षं झाली तरी थांबतात ते."

प्रतापने दुर्बीण माझ्याकडे दिली आणि गाडीच्या छपराच्या कडेवर कपाळ टेकलं. त्याचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, उचकी लागली. मग आवाज आला. हा माणूस रडत होता हो, लहान मुलासारखा, हुंदके देऊन! उत्तरा घाबरली. मी तिला खुणेने गप्प केलं. मुटुआने टोपी डोळ्यांवर ओढली आणि दुसरीकडे बघत राहिला. देव त्याचं भलं करो.

नैरोबीला परतताना अर्ध्या वाटेवर प्रताप म्हणाला, "इथून मुंबई किती लांब?"

"सहा तास," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

"मला सगळं माहीत असतं. मी उत्तराच्या पासपोर्टवर भारताचा व्हिसाही घेऊन ठेवलाय. जुलैमध्येच, न्यूयॉर्कला जाऊन. आणि शाळा सप्टेंबरशिवाय सुरू होत नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "चालू आहेस." अठरा वर्षांतलं हे त्याचं सगळ्यांत मोठं कौतुक. मी हसले, पण मनात धाकधूक होतीच. तात्यांनी खरंच विचारलं तर? तोंडाने फटकळ माणूस. आणि हा आत्ता कुठे उघडलाय.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही मिरजेला पोचलो. कळवलं नव्हतं, कळवायला वेळच कुठे होता? तात्या रेल्वेतून रिटायर झाल्यावर घेतलेल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या दारात उभे होते, दुधाची पिशवी हातात. वाळून काडी झालेले. डोळे बारीक करून त्यांनी रिक्षाकडे पाहिलं, मग प्रतापकडे. ओळख पटली तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

प्रताप वाकला, पायांना हात लावायला. तात्यांनी पाय मागे घेतले.

आता विचारणार. प्रताप तसाच वाकलेला, हात हवेत. त्याने तसंच खाली बघत म्हटलं, "तात्या, मला पोचता आलं नाही."

तात्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. पोटच्या पोरापुढे! "माझ्या पाया नको पडू," ते म्हणाले. "डॉक्टर सांगत होते, देह दवाखान्यात दोन-चार दिवस ठेवता येईल, मुलगा येऊ दे. मीच नाही म्हणालो. तिला तिथे एकटीला ठेवायला मन होईना माझं. तुझी तिची शेवटची भेट मी होऊ दिली नाही. तू येईनास, तेव्हाच मी ओळखलं. साडेतीन वर्षं पत्रात लिहायला बसतो, माफ कर म्हणून, आणि हात चालत नाही."

"मी तुमच्यावर रागावलो असेन असं वाटलं तुम्हाला?"

"मग का आला नाहीस?"

प्रतापने ते जोडलेले हात आपल्या हातांत घेतले आणि हळूच सोडवले. दोघे तिथेच उंबऱ्यात बसले, गुडघ्याला गुडघा लावून. मग प्रताप म्हणाला, "तात्या, आई कशी गेली ते मला सांगा."

आणि तात्या पहिल्यापासून सांगायला लागले.