आपांचं हळदकुंकू

आपा कुंडीतल्या मातीला हाताची उलटी बाजू लावून बघायच्या, तापाच्या रोग्याच्या कपाळाला लावतात तशी. माती फार गार लागली की कुंडी खिडकीच्या काचेपासून वीतभर आत सरकवायच्या. सौदीतल्या अबहाच्या आमच्या नर्सेस होस्टेलात त्यांना सगळ्या जणी आपाच, म्हणजे ताईच, म्हणत. मूळच्या दापोलीकडच्या. नवरा तरुणपणीच वारलेला, एकुलता मुलगा कॅनडात. मी मिरजेहून नोकरीला आले, तेव्हा अख्ख्या मजल्यावर मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

कुंड्यांमध्ये हळदकुंकू होतं. लाल-पिवळ्या फुलांचं झुडूप, पान तोडलं की पांढरा चीक येणारं. आपांच्या वाडीत ते पाटाकडेला आपोआप वाढे. इथे त्यांनी रोप आणलं ते खाली जिझानहून, समुद्राकाठच्या उकाड्यातून. नर्सरीवाल्याने हिंदीत बजावलं होतं, "अबहा ले जाओगे? एक सर्दी में खलास!" आपा हे सांगताना दर वेळी तितक्याच चिडायच्या. "मी पण समुद्राकाठचीच ना? एकोणीस थंड्या काढल्या इथे. झाले का मी खलास?"

अबहा डोंगरावर आहे. सौदी म्हटल्यावर वाळू डोळ्यांपुढे येते, पण इथे हिवाळ्यात धुकं खिडकीला चिकटून बसतं, कधी गाराही पडतात. त्याआधी आपा सगळी झाडं वीतभर उंचीवर छाटून खोलीत घ्यायच्या. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि अकरा कुंड्या. खुर्चीवरही कुंडीच असे, त्यामुळे आलेल्या माणसाने पलंगावर बसायचं. येणारी बहुधा मीच. पाणी आठवड्यातून एकदा, तेही चमच्याने. "थंडीत झाड वाढवायचं नसतं गो," त्या म्हणायच्या, "नुसतं टिकवायचं."

उन्हाळ्यात कुंड्या गच्चीवर जात. एकदा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या सुरवंटांनी दोन झाडांचं एकही पान ठेवलं नाही. मी औषध मारायला निघाले तर आपांनी माझा हात धरला. "राहू दे. एवढ्या वर्षांत माझ्याकडे कोण जेवायला आलंय?"

माझ्या पहिल्याच हिवाळ्याच्या तोंडावर दादा, म्हणजे माझे वडील, अचानक गेले. देशाबाहेर जाऊन परत येण्याच्या परवान्याचे कागद होईपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. "आता येऊन काय करणार आहेस?" असं भाऊच फोनवर म्हणाला. मी ड्यूटी केली, खोलीत आले आणि दार लोटून बसले. आपांनी दार वाजवलं नाही, सरळ उघडून आत आल्या. "चल, छाटायचीत."

त्यांनी मला रबरी हातमोजे घालायला लावले, हातात कात्री दिली. "चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस. फार वाईट असतो तो." सांत्वनाचा एक शब्द नाही. तिसऱ्या की चौथ्या झाडाला मला रडू फुटलं. हातमोजे चिकाने माखलेले, डोळे पुसता येईनात. आपांनी आपल्या ओढणीचा पदर घेतला आणि माझे डोळे पुसले. मी छाटत राहिले, त्या पुसत राहिल्या. अकरा कुंड्या होईपर्यंत. मग म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा मी एकटीच होते बाय. तेव्हा झाडंही नव्हती."

गेल्या वर्षी आपा निवृत्त होऊन दापोलीला गेल्या. विमानतळावर जाताना त्यांनी माझ्या खोलीत हलवलेल्या कुंड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, इथल्यासारखं "यल्ला", म्हणजे "चला", म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

मी दर शुक्रवारी फोन करते. परवा विचारलं, "आपा, तिकडे लावलंत का हळदकुंकू?"

"लावायचंय कशाला? कुंपणाबाहेर हे माजलंय. इथे थंडीच नाही गो. कशालाच सांभाळावं लागत नाही." मागे कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता.

मी म्हटलं, "आपा, यंदा छाटायचं कसं ते जरा सांगाल? मला नीट आठवत नाहीये."

"तुला? एवढं शिकवलं ते सगळं फुकट?" त्या कडाडल्या. आणि मग पहिल्यापासून सांगू लागल्या. मी खिडकीशी बसून ऐकत होते. समोर सगळी झाडं छाटून ठेवलेली होती.