भामचंद्रावरून काळेवाडीला, आभाळामार्गे

रविवारी सकाळी दापोडीहून स्कूटर काढली तेव्हा माझ्या सॅकमध्ये हातात मावेल एवढा वायरलेस संच, घडीची अँटेना आणि देशमाने काकांनी डाव्या हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. जायचं होतं चाकणपलीकडच्या भामचंद्र डोंगरावर.

काका काळेवाडीचे. सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली आणि उरलेला वेळ हौशी रेडिओवर. माझा रेडिओचा परवानाही त्यांच्यामुळेच. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात आणि वाचा गेली. दूरदूरचे लोक ज्यांना आवाजावरून ओळखत, ते काका संचाकडे फिरकेनासे झाले.

मग मी त्यांना पॅकेटची आठवण करून दिली. पॅकेट म्हणजे रेडिओवरून जाणारा छोटा अंकीय संदेश. त्यात आपलं स्थान आणि चार शब्द असतात; ऐकणाऱ्याच्या नकाशावर आपला ठिपका उमटतो. संदेश पुढे कुणी पाठवायचा, ती वाट आधी भरून द्यावी लागते. काका सावरून बसले. त्यांचा बोलणारा संच बिघडलेला होता, ऐकणारा तेवढा चालू होता. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘अवकाश स्थानकावरून पाठव. मी घरी ऐकतो.’ आणि खाली पाठवायचे शब्द. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या त्या स्थानकावर असे संदेश झेलून परत खाली पाठवणारा संच आहे.

नाशिक फाटा, भोसरी, मोशी. मोशीला काकूंचा फोन आला. “अगं, तुझा ठिपका पुलावर दिसतोय. हे बोट ठेवून बसलेत!” शेजारच्या एका केंद्राने माझं पॅकेट पुढे ढकललं होतं, संचात मी तशीच जवळची वाट, ‘वाइड वन-वन’, भरली होती.

चाकणनंतर नव्याकोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर रांगेत उभे होते. वासुलीजवळ कंपन्यांच्या पत्र्यांच्या शेड संपतात आणि डोंगर एकदम समोर येतो. पाऊण तास चढून मी डोंगरातल्या गुहेच्या वरच्या खडकावर पोचले. खाली निळ्या छपरांचा समुद्र पसरला होता आणि वर आभाळ अगदी मोकळं होतं.

ठरल्या वेळी स्थानक उगवलं. दिवसा ते दिसत नाही; संचात फक्त खरखर वाढते आणि पॅकेटांचे आवाज येऊ लागतात. माझ्या अंगावर काटा आला. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दहा मिनिटं दाबत राहिले. उत्तर नाही. खरखर विरून गेली.

“काही नाही आलं गं,” काकू फोनवर म्हणाल्या. मग हळू आवाजात, “हे पलंगावर जाऊन पडलेत.”

ताक विकणाऱ्या एक आजी शेजारी येऊन बसल्या होत्या. “काय शोधतीस गं आभाळात?”

“वरून माणसं जातात आजी. त्यांच्या यंत्राला निरोप द्यायचाय.”

“आन् त्यांनी घेतला न्हाई व्हय? पत्ता बराबर घातला का?”

मी संच उघडला. वारंवारता मी आठवणीने बदलली होती, पण वाटेच्या रकान्यात ‘वाइड वन-वन’ तसंच होतं. मी जमिनीवरच्या शेजाऱ्याला हाक मारत होते. लाजेने कान तापले. स्थानकाचं ठरलेलं संकेतनाम भरलं, तीनदा तपासलं, आणि आजींनी दिलेली भाकरी आणि ठेचा खात पुढच्या फेरीची वाट पाहत बसले. दीड तास.

काकूंना म्हटलं, “काकांना उठवा. चूक माझी होती.”

दुसऱ्यांदा खरखर वाढली. काकांच्या चिठ्ठीतले शब्द रोमन अक्षरांत आधीच भरले होते: त्यांचं संकेतनाम, म्हणजे परवान्यासोबत मिळालेलं रेडिओवरचं नाव, आणि पुढे ‘शिफ्ट चालू’, संचावर बसताना ते नेहमी म्हणायचे ते. मी बटण दाबलं. एक सेकंद गेला असेल. माझ्याच संचाच्या पडद्यावर तीच ओळ परत आली, आणि वाटेच्या जागी स्थानकाचं नाव होतं. चारशे किलोमीटरवर जाऊन आली होती. आजींनी वर बघून हात जोडले.

फोन वाजला. पलीकडे काकू रडत होत्या, आणि त्यांच्यामागे कुणीतरी टेबलावर थाप मारत होतं, एकसारखी, जोरात.

दुपारी काळेवाडीला पोचले तेव्हा काका दारातच उभे होते. त्यांनी मला हाताला धरून पडद्यापाशी नेलं. आमच्या ओळीखाली, त्याच फेरीत, कोइमतूरहून आलेली एक ओळ होती. काकांचं नाव, आणि इंग्रजीत एवढंच की खूप दिवसांनी तुमची हाक आली, बरं वाटलं. काका त्या माणसाशी पूर्वी दर रविवारी बोलत. एवढे दिवस काका वारले असंच तो समजून चालला असणार.

काकूंनी शिरा केला. काका जेवता जेवता सारखे उठून पडदा बघत होते.

मी चाकणच्या त्याच कारखान्यांच्या पट्ट्यात नोकरी करते. कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत हजारदा तिथून गेले असेन. दिवसातून कितीतरी वेळा आपल्या डोक्यावरून माणसांचं एक घर जातं, आणि नाव घेऊन हाक मारली तर ते ती पुढे पोचवतं, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. खरं वाटलं ते त्या दिवशी. घरी येऊन अंथरुणावर पडले तरी कितीतरी वेळ छताकडेच बघत होते.